हंसाची आई काय करते

अंधेरी, १७ जानेवारी १९८५

पाचवीच्या वह्या तपासून मान मोडून गेली. आईवर पाच इंग्रजी वाक्यं लिहायला दिली होती. सगळ्यांच्या आया घरी स्वयंपाक करतात, कारण फळ्यावर नमुना मीच तसा लिहिला होता. दुसरं वाक्य का सुचलं नाही मला? कोळीवाड्यातल्या हंसाची आईसुद्धा स्वयंपाकच करते. दर रविवारी मी बोंबील घेते ते तिच्याचकडून.

मधल्या सुट्टीत हंसाला विचारलं, "अगं, आई मासे विकते ना तुझी?"

"बाई, इंग्लिशमध्ये मासे विकलेले चालतात?"

चालतात म्हटलं. पण वाक्य बरोबर म्हणून लाल खूण आधीच करून बसले होते. ती खूण काही डोळ्यापुढून जात नाही.

आजही स्वयंपाक सासूबाईंनीच केला. मी वह्या तपासत होते.