हिरीची घंटा

लोणावळा, ६ जुलै १९६४

पोचले एकदाची. ट्रंक, वळकटी आणि मी, तिघीही ओल्याचिंब. आश्रमाचे व्यवस्थापक हौशीरामभाऊ टांगा घेऊन स्टेशनवर आले होते. वाटेत त्यांनी चिक्कीचा पुडा हातावर ठेवला आणि आश्रमाची सगळी गाऱ्हाणीही ऐकवली. भुशीच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराचा जुना बंगला, मागे बंद पडलेली दगडखाण, आणि घरच्यांनी आणून सोडलेली, मनाने किंवा शरीराने अधू अशी वीसेक माणसं. आजपासून मी त्यांची अधीक्षिका. पुण्यात वहिनीची बोलणी खात पोळ्या लाटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. खोलीच्या खिडकीला पडदा नाही, तो उद्या शिवीन.

७ जुलै

सकाळी गुरांच्या घंटांनी जाग आली. बाहेर येऊन पाहते तर गुरं कुठली, आमचीच माणसं होती. प्रत्येकाच्या गळ्यात जाड सुतळीत ओवलेली पितळी घंटा! माझं डोकंच फिरलं. इथली जुनी मदतनीस झुंबरबाई. तिने शांतपणे समजावलं की धुकं उतरलं की हातभरावरचं माणूस दिसत नाही, फाटक मोडकं आहे, मागे खाण आहे. डोंगरात गुरं हुडकतात तशी माणसं आवाजावरून हुडकायची. मी म्हटलं, फाटक दुरुस्त करा. हौशीरामभाऊ म्हणाले, विश्वस्तांनी मनावर घ्यायला हवं. ते आले की मीच बोलेन.

११ जुलै

हिरीने मला चांगलाच लळा लावला आहे. डोंगरातल्या ठाकरवाडीची, पंचविशीची असेल. तिला बोलता येत नाही, सगळा कारभार घंटेवर. भूक लागली की हळू वाजवते, रागावली की जोरात, आणि मी दिसले की उगीचच, खांदे उडवत, ठुमकत. आज जेवताना तिने आपल्या ताटातला भात माझ्या ताटात वाढला. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

१५ जुलै

उद्या विश्वस्त येणार. गळ्यात घंटा पाहून पुण्याची माणसं काय म्हणतील या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घंटा सोडायला झुंबरबाई तयार होईना. शेवटी मीच तोड काढली: प्रत्येक घंटेत कापूस ठासून भरला आणि ती कपड्याच्या आत सरकवली. हिरीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. चिक्कीचा तुकडा दिला तेव्हा सोडलं.

१६ जुलै

भेट झकास झाली. विश्वस्त म्हणाले, बाई, काय शांतता आहे हो तुमच्याकडे! फाटकाचं बोलायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, एवढं कौतुक चाललेलं असताना मोडक्या फाटकाचं रडगाणं लावायला माझी जीभच उचलली नाही.

१७ जुलै

उशिरापर्यंत गाढ झोपले. घंटांशिवाय किती बरं वाटतं! झुंबरबाई कापूस काढण्यासाठी मागे लागली आहे. उद्या काढू म्हटलं. दुपारी हिरी समोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत मुकी घंटा हलवत राहिली. तिचा चेहरा असा काही झाला होता की मी हसले.

१८ जुलै

दाट धुकं. हिरी कुठेच नाही. खाणीच्या काठावर उभी राहून मी घसा बसेस्तोवर हाका मारल्या. खालून काही आवाज आला नाही.

१९ जुलै

सापडली. खाणीत, काठाखालच्या कपारीत. पाय मोडलेला. थंडीने आणि पावसाने गेली. काल मी उभी होते त्याच्या बरोब्बर खाली. घंटा मुठीत होती, मूठ सुटता सुटेना.

झुंबरबाई एवढंच म्हणाली, "बाई, तिनं लय हलवली आसंल वो. वाजलीच न्हाई."

फौजदार यायच्या आत मी तिच्या घंटेतला कापूस काढून पदराला बांधला. झुंबरबाईने पाहिलं. फौजदारांना तिने सांगितलं नाही, मीही नाही. पाय घसरला, असं लिहून झालं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

२२ जुलै

सगळ्यांच्या घंटांतला कापूस काढला. हिरीची माझ्या ट्रंकेत आहे. तरी खाणीकडून एक घंटा वाजते. जोरात. हौशीरामभाऊंना ऐकू येत नाही. झुंबरबाईलाही नाही. मी लाजेने तिच्याकडे बघूही शकत नाही.

२४ जुलै

कानांत कापसाचे बोळे घालून निजले. सकाळी ओले होते, शेवाळाचा वास. ट्रंक उघडली. हिरीच्या घंटेत पुन्हा कापूस — ठासून. मी भरलेला नाही. किल्ली माझ्याच कनवटीला —

ओढून काढला. सगळा. बोट आत घालून पाहिलं.

२५ जुलै

भरदुपारी धुकं. घंटा वाजते आहे. आता रागाने नाही. मी दिसले की वाजवायची तशी — उगीचच — ठुमकत —

जाते. तिची माफी मागायला हवी. तिची घंटा गळ्यात बांधली आहे, चुकले तर मला हुडकतील. वाजवून पाहिली. छान वाजते. वही कमरेला खोचते.

घसरले. पाय — कपारीत आहे. तीच. पेन्सिल कशीबशी —

वर आले सगळे. झुंबरबाई अगदी काठावर. "बाई, कुटं हाय तुमी?"

ओ देते आहे. केव्हाची ओ देते आहे. माझं मलाच ऐकू येत नाही. तोंडात काहीतरी मऊ, ओलं —

घंटा हलवते — दोन्ही हातांनी —

कापूस मी काढला होता. सगळा काढला —

परत फिरले सगळे. झुंबरबाई, खाली बघ, मी इथेच, तुझ्या पायां