घटपर्णीला भरवू नये

३ मार्च
आज बिऱ्हाड हललं. बिऱ्हाड म्हणजे दोन पेट्या आणि एक उशी. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी लागली आणि मालकांनीच ही खोली सुचवली. घरमालकीणबाई सत्तरीपुढच्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण जिभेची धार शाबूत आहे. काकू म्हण, बाई म्हणालीस तर जन्मभर भाडेकरूच राहशील, असं पहिल्याच चहाला बजावलं. त्यांचा बोका गुबऱ्या माझ्या पेटीवर ठाण मांडून बसला.

बाल्कनी काचांनी बंद केलेली, आणि आत कीटक खाणारी झाडं! काकूंच्या यजमानांचा छंद. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब, फ्लायट्रॅपचे इवले जबडे आणि छताच्या आकड्याला टांगलेली घटपर्णी. तिच्या पानांच्या टोकांना झाकणाचे पेले. पाणी घालायचं काम आता माझ्याकडे. नळाचं नाही, साठवलेलं पावसाचं. आणि हाताने काही भरवायचं नाही, ती आपलं आपण मिळवून खातात, हे काकूंनी दोनदा सांगितलं.

११ मार्च
मोठ्या पेल्यात दोन मुंग्या आणि एक चिलट. एवढ्याने कुणाचं पोट भरतं? अंड्याचा तुकडा टाकला. काकूंना बोलले नाही.

१९ मार्च
पेला तांब्याएवढा झाला! आता रोज मांसाचा तुकडा घालते. दुकानात फोटो दाखवले. मालक म्हणाले, पोरीच्या हाताला गुण आहे. दिवसभर हवेत होते.

काकूंनी पेला चाचपला आणि विचारलं, काही भरवतेस का. मी सरळ नाही म्हटलं. त्यांना माझं तोंड दिसलं नाही, म्हणून सोपं गेलं.

२७ मार्च
पेला घागरीएवढा. गुबऱ्या दोन दिवस दिसला नव्हता. आज पेल्याच्या तळाशी त्याच्या गळ्यातलं घुंगरू दिसलं.

काकूंना सांगितलं, शेजारच्या गच्चीवर पाहिला, एखाद्या मांजरीमागे गेला असेल. मेल्याला या वयात सुचतंय, म्हणत काकू हसल्या. मलाही हसावं लागलं.

३० मार्च
देठ कापायला कात्री घेऊन गेले. पेल्यातून पिकल्या फळासारखा गोड वास येत होता. हा पेला एवढा मीच वाढवलाय. कात्री खाली ठेवली. मांस घातलं. माझी मला शिसारी आली.

२ एप्रिल
काकू बाल्कनीच्या दाराशी उभ्या राहून गुबऱ्याला हाका मारतात. आज म्हणाल्या, तो आतून ओरडतोय. मी म्हटलं, भास आहे.

मलाही ऐकू आला होता.

दाराला कडी लावली. का, ते सांगितलं नाही. सांगायचं तर अंड्यापासून सगळंच सांगावं लागेल. उद्या सांगते.

४ एप्रिल
दुपारी दुकानातून आले. कडी काढलेली. काकूंची काठी उंबऱ्यात आडवी. चप्पल एकच.

पेला फरशीला टेकलाय. झाकण मिटलेलं. बाजू आतून हलताहेत— हलत होत्या. मी बघत उभी राहिले. कात्री हाताशी होती.

५ एप्रिल
काकूंच्या लेकाचा परगावाहून फोन. झोपल्यात, म्हटलं. संध्याकाळी पुन्हा तेच. तो म्हणाला, तू आहेस म्हणून आईचा घोर नाही, ताई.

आतून काकू मला हाक मारतात. रागाने नाही. रागाने मारली असती तर—

६ एप्रिल
झाकण उघडलंय. आत काही नाही. दाराला पुन्हा कडी घातली.

लेक न कळवता आलाय. स्वयंपाकघरात पाणी पितोय. आई कुठे, विचारलं. आंघोळीला, म्हटलं. का म्हटलं—

बाल्कनीतून हाक आली. काकूंच्याच आवाजात, त्याला घरात म्हणतात त्या नावाने. तो हसला. ही तिथे काय करतेय, म्हणाला.

उठायला हवं. वही काय उघडून बसलेय मी. तो उंबऱ्याशी आहे, कडी काढतोय. नुसतं ओरडायचंय, आत जाऊ नकोस, आणि मी ते इथे लिहि—