रास्नेचे फूल

मुक्काम चिखलदरा, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थस्वरूप जमुनावहिनींस पुंडलिकाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्यासाठी मी तीन वर्षे अकोल्याला रास्नेची वाळवलेली मुळे धाडतो. झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ही वनस्पती मी नुसत्या पानांवरून ओळखत होतो. यंदा पहिल्यांदाच तिच्या फुलांच्या दिवसांत रानात हिंडलो. वाट दाखवायला फुलय नावाची कोरकू बाई होती.

एका आंब्यावर नेहमीचा झुबका दिसला. त्याला बारकी पिवळी फुले होती, त्यांवर तांबडे पट्टे. मी हात घातला, तशी ती म्हणाली, "हे कावून तोडता? रास्ना तं ते वरचं हाय."

वरच्या झुबक्याची पाने तशीच होती, पण फूल तपकिरी चौकड्यांचे, जांभळ्या जिभेचे आणि सुवासिक. म्हणजे तीन वर्षे मी तुम्हाला भलतेच दिले.

लाज वाटली. पण त्याहून कुतूहल मोठे. दिवाळीत तुम्हीच म्हणालात, "भाऊजी, तुमच्या काढ्यानं मी आता जिना चढून राहिली." मग गुण कशाचा आला? पिवळ्यातही औषध आहे, की माझे मन राखायला तुम्ही दुखणे लपवलेत?

हे पत्र तुम्हाला दादाच वाचून दाखवतील. 'वैद्यकी सोड, कापसाच्या धंद्यात ये,' हे त्यांचे चालूच आहे. ही चूक कळली तर त्यांना आयतेच निमित्त मिळेल, म्हणून धाडत नाही. उद्या दोन्ही फुले घेऊन मीच निघतो. दादा बाजारात गेले की खरे सांगा. मी रागावणार नाही.

तुमचा धाकटा दीर,
पुंडलिक