गिटार वगळून

सोमवार, ३ मार्च

आलं एकदाचं रेकॉर्डिंग! एकोणीस माणसं, एक रंगमंच, एक संध्याकाळ — आणि प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचा माइक. आमच्या जॅझ-रॉक मंडळींचा पहिला लाइव्ह अल्बम. जॅझवाले म्हणणार, काय हा आरडाओरडा! रॉकवाले म्हणणार, समोर कागद ठेवून कसले वाजवता! दोन्हीकडून बोलणी खायची आम्हाला सवय आहे.

श्रीयुत गिटारवर होते. मध्येमध्ये गायलेही. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात आमचं भांडण झालं — पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून! — आणि ते गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि घरातली चांगली इस्त्री उचलून बहिणीकडे राहायला गेले. टॉवेलवरून कुणी संसार मोडतं? असो. बँड माझा, चाली मी बांधलेल्या, सॅक्सोफोन मी वाजवलेला. अल्बम निघणार म्हणजे निघणार. गिटार वगळून.

मंगळवार, ४ मार्च

"काढतो की ताई! एक बटण दाबायचं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. दाबलं. गिटार चालूच! जराशी लांबून, पलीकडच्या खोलीत कुणी दार लावून वाजवत असल्यासारखी.

"ही कुठून येतेय?"

"तुमच्याच माइकमधून. सर तुमच्या पाठीशीच उभे होते ना."

पाठीशी उभे होते म्हणे! लग्नानंतर पहिल्यांदाच.

ड्रमचा माइक ऐकला. आहेत. ट्रम्पेटचा? तिथेही आहेत. म्हणजे घरातून गेले, पण अल्बमभर ठाण मांडून बसलेत. मी संतापून निघाले ते हेडफोन गळ्यातच. रेकॉर्डिस्ट जिन्यापर्यंत मागे धावला.

गुरुवार, ६ मार्च

सासरे आले. तेही आमच्यातच — ट्रॉम्बोन वाजवतात, रंगमंचावर मुलाच्या शेजारी उभे असतात. मुलगा यायचा बंद झाला, पण हे सरावाला चुकत नाहीत.

"अगं, माझा ट्रॅक पुसून टाक सगळा. मी स्टुडिओत येऊन नव्याने वाजवतो. उद्याच!"

गुडघे धड नाहीत, स्टुडिओचा जिना उभा, तरी उद्याच! पोटचा पोरगा तिकडे आणि हे माझ्यासाठी एवढं करायला तयार. डोळ्यांत पाणीच आलं. दिसू नये म्हणून चहा टाकायला उठले. आतून म्हटलं, "घाई नाही हो बाबा, तुमचं उत्तमच झालंय." बाहेर येऊन पाहते तर गेलेले!

शुक्रवार, ७ मार्च

बातमी फुटली. आता जो तो आपापलं पुन्हा वाजवायला निघालाय. ट्रम्पेटवाल्याला स्वतःचा एक चढा सूर खुपतोय. दोन ड्रमवाल्यांना एकमेकांची लय.

रेकॉर्डिस्टला विचारलं, सगळ्यांनी पुन्हा वाजवलं तर लाइव्ह काय उरेल?

"टाळ्या."

रविवार, ९ मार्च

माझा सोलो आज पुन्हा वाजवला. काचेच्या खोलीत एकटी, मागे कुणी नाही. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

"छान," रेकॉर्डिस्ट म्हणाला. शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांना आपण म्हणतो तसं.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. त्या संध्याकाळी सगळा बँड थांबतो, श्रीयुत माझ्या मागून दोनच स्वर टाकतात आणि तेही थांबतात. मग नुसता बास आणि मी. ते दोन स्वर मिळाले की मी सुटते. आज मिळाले नाहीत, तर नुसतंच बरोबर वाजवून आले. फार वाईट वाटलं.

सोमवार, १० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

मंगळवार, ११ मार्च

रेकॉर्डिस्टच्या तोंडून निसटलं — श्रीयुत सकाळी येऊन गेले! माझ्या पाठीमागे! माझं डोकंच फिरलं. स्वतःचा आवाज वाढवून घ्यायला आले असणार, दुसरं काय!

"नाही हो ताई. स्वतःचं सगळं काढून टाका म्हणाले. हातापाया पडायचे तेवढे बाकी होते. 'माझ्यापायी तिचा अल्बम अडकायला नको' म्हणाले."

आधी आणखीनच राग आला. काढायचं तर मी काढीन, हे कोण स्वतःला काढणारे! तणतणत घरी आले. चपला काढेपर्यंत राग कुठे गेला कळलं नाही. असं कोण करतं? गिटारवाला माणूस स्वतःहून म्हणतो, माझा आवाज नको! आजवर ऐकलंय कुणी?

मीच फार ताणलं. मला ते घरी हवेत. पुन्हा लिहिते — हवेत.

बुधवार, १२ मार्च

ठरलं! गिटार राहणार. एकूण एक स्वर राहणार. सगळ्यांना कळवलं, कुणी काही पुन्हा वाजवायचं नाही. सासऱ्यांना आनंद होईल वाटलं होतं. ते फोनवर नुसते "बरं" म्हणाले. वय झालं.

आज बाजारात जाऊन चार टॉवेल आणले. टाका म्हणावं कुठेही, पलंगावर, पियानोवर, माझ्या डोक्यावर! उद्या स्टुडिओत श्रीयुतांचा ट्रॅक एकदा निवांत ऐकते आणि तिथूनच फोन करते.

गुरुवार, १३ मार्च

माझ्या सोलोच्या जागी फक्त श्रीयुतांचा माइक ठेवायला सांगितला, आणि सासऱ्यांचाही — त्यांना आपलं काय खुपत होतं ते कळावं म्हणून. ते दोन स्वर. मग शांतता. मग श्रीयुतांची कुजबुज, शब्दन् शब्द स्पष्ट —

"बाबा, मी हिला सोडतोय. काहीतरी निमित्त मिळू दे, की निघतो."

आणि सासरे — "हळू बोल. ती वाजवतेय."

लांबून मी वाजवतेय. इतकं छान मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.