विंचूरला नेलेला हलवा

१ जानेवारी, गुरुवार

थंडी उत्तम. आकाश स्वच्छ. हलव्याला काटा येण्यास अशीच हवा लागते. सकाळी भद्रकालीच्या बाजारातून पांढरे तीळ व साखर आणली. दुकानदार म्हणाला, "अण्णा, यंदा कोणासाठी?" पैसे मोजून दिले.

वैशालीचे लग्न गेल्या महिन्यात विंचूरला नोंदणी पद्धतीने झाले. मी गेलो नाही. माझा मुलगा किशोर जाऊन सहा वर्षे झाली. त्याच्या बायकोने आयुष्यभर असेच राहावे, असे मी कधीही म्हटलेले नाही. विंचूरच्या प्रसादचे स्थळ आले तेव्हा हरकतही घेतली नाही. तिने विचारले, "अण्णा, याल ना?" मी म्हणालो, "सुनेच्या लग्नात सासऱ्याने कोणत्या नात्याने उभे राहावे?" ती म्हणाली, "ते तुम्ही ठरवा." मी काहीच ठरविले नाही. घरी बसून राहिलो.

२ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर तीळ निवडले.

नव्या नवरीस पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. दुकानात नोकरीस असताना मी परक्यांच्या सुनांसाठी जन्मभर हलवा केला. वैशाली या घरात आली त्या वर्षी घरीच शेगडी मांडली होती. स्वतःच्या सुनेस विकतचा घालणे मला मान्य नव्हते. ही तेव्हा हयात होती. दागिने तिने ओवले.

आता वैशाली पुन्हा नवी नवरी आहे. दागिने सासरच्यांनी घालावयाचे असतात, हे मला ठाऊक आहे. मी आता तिचा सासरा नाही. तिला माहेरही नाही. आईवडील लहानपणीच गेले. मामाने वाढविले, तोही राहिला नाही. तर मग माझा हलवा कशात बसतो? हे येथे लिहून ठेवले. पुढे विचार करवत नाही.

४ जानेवारी, रविवार

काम बिघडले.

हलवा हे दोघांचे काम. एकाने परातीतले तीळ मंद आचेवर बोटांनी फिरवीत राहावयाचे, दुसऱ्याने चमच्याने पाक सोडावयाचा. पहिला पाक वाळून तीळ सुटे झाल्याखेरीज पुढचा चमचा नाही. दुकानात सोबत्याला दर वेळी "सोड" म्हणून सांगावे लागे. वैशालीला एकदाही सांगावे लागले नाही. ती परातीकडे पाहून ओळखत असे. दोघे तासन् तास न बोलता बसत असू. त्या वेळी ते मला पुरेसे वाटत असे.

आज उजव्या हाताने फिरविले व डाव्या हाताने पाक सोडला. एकाच जागी पडला. सगळ्याचे गोळे झाले. चहाबरोबर खाऊन पाहिले. चवीस वाईट नव्हते, परंतु त्यास हलवा म्हणता येणार नाही.

५ जानेवारी, सोमवार

शेजारचे रशीदभाई गादीवाले साखरेच्या वासाने आत आले. परात पाहून म्हणाले, "काय अण्णा, लग्नाला गेले नाही अन् आता दागिने घडवायला बसले? ये कैसा हिसाब?"

"आपण चमचा धरणार असाल तर बसावे."

"धरतो की. पण नेऊन देणार कोण? मला सांगू नका. मी लग्नाला जाऊन आलो, जिलबी पण खाऊन आलो. तुमची खुर्ची ठेवली होती पोरीनं. कुणाला बसू देईना. मी म्हटलं, माझी टोपी तरी ठेवू दे, तर तेही नाही."

हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

रशीदभाईंनी पाक भसकन ओतला. मी म्हणालो, "अहो, आपण गादीत कापूस कोंबीत नाही." ते म्हणाले, "मग सांगा ना, कधी सोडू!" कधी ते मला शब्दांत सांगता येईना. "आता" म्हणेपर्यंत वेळ निघून जाई.

७ जानेवारी, बुधवार

रशीदभाईंचा हात बसला. तिळावर बारीक टोके दिसू लागली आहेत. बोटे भाजली, त्याचे काही नाही.

शेगडीपाशी बसल्यावर नको ते आठवते. किशोर गेल्यानंतरच्या संक्रांती. बाहेरच्या खोलीत ही बायकांना हळदीकुंकू लावी, आणि वैशाली आत तिळाच्या वड्या थापीत बसे. वड्यांचे ताट दाराशी आणून ठेवी व परत फिरे. रीत होती. मी घरातला कर्ता पुरुष. रीत पाळली जाते आहे याचे मला समाधान वाटे. ताट ठेवताना तिचा चेहरा कसा असे ते मात्र आठवत नाही, कारण मी पाहिलेला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

काटा चांगला आला आणि आजच घात केला.

काम चालू असता वैशालीचा फोन. "अण्णा, जेवण वेळेवर होतंय ना? गोळ्या संपल्या असतील, रशीदचाचांना आणायला सांगा." मग म्हणाली, "यंदा हलवा केला का?"

मी म्हणालो, "नाही. कोणासाठी करावयाचा?"

परात समोर होती.

"बरं. आई विचारत होत्या, म्हणून…"

"कोण आई?"

"माझ्या सासूबाई, अण्णा. मग त्या दुकानातूनच तयार मागवतील. अठराला, रविवारी, आमच्याकडे हळदीकुंकू आहे."

ठीक आहे, असे म्हणून मी फोन ठेवला. रशीदभाई चमचा तसाच धरून बसले होते. "अण्णा, झूठ बोलले तुम्ही."

"होय."

"का पण?"

ती मागत होती, हे मला फोन ठेवल्यानंतर समजले. मागितल्यावर द्यावे, इतके सोपे होते. परंतु कोणी काही विचारले की माझ्या तोंडून प्रथम "नाही" येते. नोकरीत या गुणाने माझा दरारा होता. घरात त्याने काय केले

१० जानेवारी, शनिवार

कालचे वाक्य पुरे केले नाही. राहू द्यावे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

रशीदभाईंच्या घरी तिळगूळ दिला. इतर कोठे गेलो नाही.

दागिने ओवले. बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. मंगळसूत्रापाशी हात थांबला. मागच्या वेळचे किशोरच्या नावाचे होते. त्याच बोटांनी आता दुसऱ्याच्या नावाचे करावयाचे. बराच वेळ नुसता बसलो. नंतर केले. दोन्ही वाट्या चांगल्या जमल्या. डबा कापूस घालून बंद केला. कापूस रशीदभाईंचा.

१८ जानेवारी, रविवार

विंचूरला जाऊन आलो.

द्वारका चौकातून बस मिळाली. डबा मांडीवर धरून बसलो. धोतर, कोट, टोपी, सर्व स्वच्छ होते. काय बोलावयाचे ते वाटेत पाठ केले होते. घर विचारीत गेलो. दाराबाहेर चपलांचा खच. सासूबाई दारात आल्या.

"काय हवंय बाबा?"

पाठ केलेले एक अक्षर आठवले नाही. म्हणालो, "नाशिकहून हलवा आणला आहे."

"हलवा? तो तर परवाच आला आमचा. आता हा कोणी सांगितला? आमच्या प्रसादनं दोन दुकानांत सांगून ठेवला वाटतं, असंच करतो तो! द्या इकडे. किती द्यायचे?"

त्यांच्या खांद्यावरून आतले दिसत होते. वैशाली काळ्या साडीत पाटावर बसली होती. अंगावर विकतचे दागिने, गुळगुळीत, एकासही काटा नाही. एक बाई तिला कुंकू लावीत होती आणि दुसरी काही थट्टा करीत होती. वैशाली मान मागे टाकून हसली. आमच्या घरात ती तोंडावर पदर धरून हसे.

हाक मारली असती तर तिने मागे वळून पाहिले असते. एवढेच अंतर होते.

"पैसे पोहोचले आहेत," असे सांगून मी डबा त्यांच्या हाती दिला.

"अहो, पाणी तरी घ्या, उन्हातून आलात," असे त्या मागून म्हणाल्या. बाई सज्जन आहेत. मी थांबलो नाही.

१९ जानेवारी, सोमवार

रशीदभाईंना सर्व सांगितले. वाटले, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "दुकानाचा माणूस समजली ती तुम्हाला?"

"समजू दिले मी."

"अण्णा, तुम्हाला कमीपणा कशाचा वाटतो, तेच मला आजपर्यंत कळलं नाही. नोकर म्हणवून घेतलं ते चाललं. घरचा माणूस म्हणायला जीभ रेटली नाही."

उठून गेले. चहा तसाच राहिला.

२१ जानेवारी, बुधवार

दुपारी वैशालीचा फोन. आवाज चढलेला.

"अण्णा, डबा उघडल्यावर मला कळणार नाही का? असा काटा दुसऱ्या कुणाला येतो? दारातून परत गेलात तुम्ही. आई तेव्हापासून एकच म्हणतायत, अगं, मी त्यांना पैसे विचारले गं."

मी म्हणालो, "त्यांची काही चूक नाही."

"मला माहितीये कुणाची आहे." मग हळू आवाजात, "ते विकतचे काढून ठेवले मी. सगळ्या बायका गेल्यावर तुमचे घातले. आईंनीच घातले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी रथसप्तमी. मी यायचं म्हणते. पण इथे विचारतील, कुणाकडे चाललीस. पहिल्या सासरी जाते, असं मी सांगणार नाही अण्णा. मग काय सांगू?"

"कळवितो," मी म्हणालो. अर्जाला उत्तर द्यावे तसे.

"शनिवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर येणार नाही. रागानं नाही. पण नाही येणार."

२३ जानेवारी, शुक्रवार

फोन केला नाही. दोनदा हातात घेतला. रशीदभाई अद्याप आलेले नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

ही गेल्यापासून घरात कुंकू नाही. सकाळी मेन रोडवर जाऊन आणले. लावणार कोण, असा प्रश्न आला. या घरात आता बाई नाही. मग मीच लावीन. रीत काय सांगते ते विचारावयास कोणाकडे गेलो नाही.

सायंकाळी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "कोण बोलतंय?"

"वैशालीच्या माहेराहून बोलतो आहे," असे मी म्हणालो.

मग त्यांनी वैशालीला मोठ्याने हाक मारली. भांडी ठेवल्याचा आवाज आला, पावले आली, आणि कोणी बोलण्यापूर्वीच फोन बंद पडला. पुन्हा लावला. लागत नाही.

सासूबाईंनी तिला काय सांगितले असेल, कळावयास मार्ग नाही. दिवा लावून बसलो आहे. आणखी एकदा लावून पाहतो.