सही आणि अंमलबजावणी

२ जानेवारी
संकल्प: जूनअखेर प्रबंध सादर. विषय ‘सीमापार कामगार कायदा आणि राष्ट्रीय रोजगार-नियमांवरील त्याचा प्रभाव’. कॉलेजने वर्षभराची बिनपगारी रजा दिली. प्राचार्य सही करताना हसले. अभिमान वाटला असावा. सौ. हॉस्पिटलात सिस्टर आहे, तिच्या पगारात भागेल. तसं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पाठिंबा आहे.

५ जानेवारी
टेबल खिडकीपाशी हलवलं. ऊन डोळ्यांवर येतं. परत भिंतीपाशी. दिवस त्यातच गेला, पण बैठक पक्की झाली.

१९ जानेवारी
गाइडबाईंना पहिलं प्रकरण दाखवलं. म्हणाल्या, मजकूर कुठाय? या सगळ्या तळटीपाच आहेत. वर विचारतात, यात माणूस कुठे आहे? कामगार कायद्यात माणूस! हसू आवरलं. बाईंचा व्यासंग कमी पडतो.

११ फेब्रुवारी
सौ.ला परदेशातल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी मिळतेय, एजंटामार्फत. तीन वर्षांचा करार. बारीक टाइप, जाडजूड. म्हणाली, अहो, तुमचाच विषय आहे, जरा नजर टाका ना. टाकतो म्हटलं. पण सध्या तिसरं प्रकरण रंगात आलंय. देश आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनवर झोकात सह्या करतात आणि स्वतःच्या कायद्यात त्यातलं काहीच उतरवत नाहीत. मधल्या मध्ये कामगार भरडला जातो. हे इतकं नेमकं आजवर कुणी मांडलेलं नाही.

१६ फेब्रुवारी
सौ.ने पुन्हा विचारलं. एजंटाचे फोन येतायत म्हणे. लिहित्या माणसाला असं टोचू नये. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
करार हातात घेतला. पहिल्याच पानावर स्वल्पविरामाच्या दोन चुका. दुरुस्त केल्या. पुढेही असंच असणार, वेळ कशाला घालवा. सौ.ला सांगितलं, बिनधास्त सही कर. त्या देशाने कन्व्हेन्शनवर सही केलेली आहे, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. कन्या मध्येच म्हणाली, बाबा, सगळा वाचलात? म्हटलं, आम्ही लोक चाळतो. आम्हाला तेवढ्यात कळतं.
संध्याकाळी एजंटाचं ऑफिस. फॉर्मच्या एका रकान्यात ‘कायदेशीर सल्ला कोणाचा?’ असं होतं. तिथे माझं नाव! आत्तापर्यंत कुठेही सल्लागार म्हणून नाव लागलं नव्हतं. सही जरा मोठीच आली.

६ मार्च
सौ. गेली. विमानतळावर कन्या रडत होती आणि सौ. मला गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय ते सांगत होती. मी तिला कन्व्हेन्शनची झेरॉक्स दिली. बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा आधी ती झेरॉक्सच बाहेर निघाली.

२८ मार्च
सौ.चा फोन. वॉर्डात ठेवलेलंच नाही. हॉस्पिटलच्या मालकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिच्यापाशी, त्यांच्या घरी. दिवसरात्र तिथेच. सुट्टी नाही. पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसने काढून घेतलाय. दुसरी नोकरी धरायची तर मालकाचं पत्र लागतं, आणि तो देत नाही. विचारत होती, अहो, असं करता येतं का हो त्यांना?
मी खुर्चीतून उठलोच. तिसऱ्या प्रकरणाचं चालतंबोलतं उदाहरण! म्हटलं, कामाच्या वेळा तारीखवार लिहून ठेव, मला उपयोग होईल. फोन कट झाला. तिकडची रेंज वाईट दिसते.

३० मार्च
कन्येने करार वाचला. एका दुपारीत. सतरावं कलम: हॉस्पिटल सांगेल त्या जागी, सांगेल ते काम. पान माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेली. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. कलम तपासलं. स्वल्पविराम बरोबर आहेत.

१२ एप्रिल
कन्येने नर्सेसच्या युनियनची सेक्रेटरी घरी आणली. बाईंनी मला एकच विचारलं, फसवून सही घेतली असं म्हणता येईल का? मी ‘फसवणूक’ या संकल्पनेची व्याख्या सुरू केली, तोवर त्यांनी एजंटाला फोन लावला होता, स्पीकरवर. तो अगदी शांतपणे म्हणाला, मॅडम, फसवलं कसं? त्यांनी कायदेशीर सल्ला घेऊन सही केलीय. सल्लागाराचं नाव आहे आमच्याकडे, वाचून दाखवू? सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कन्येने पाहिलं नाही. मी चहा टाकायला उठलो. साखर सापडली नाही.

३ मे
दूतावासाला सविस्तर निवेदन पाठवलं होतं. तळटीपांसह. उत्तर आलं: आपले निवेदन मिळाले.
अजून पुढचं उत्तर यायचं असेल.

२० मे
कन्या माझ्याशी कामापुरतं बोलते. परीक्षेचा ताण असणार. स्वयंपाक तीच करते. मी मदतीला गेलो तर म्हणाली, बाबा, तुम्ही बसा. आवाज अगदी सौ.सारखा.

१० जून
गाइडबाईंना तिसरं प्रकरण दिलं. त्यात ‘परिचारिका क’ घातलीय, तिच्या कामाच्या वेळांसकट, कन्येकडून मिळवल्या. बाई पहिल्यांदाच मान वर न करता वाचत होत्या. शेवटी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आता यात जीव आला. पण या बाईंची परवानगी घ्यावी लागेल. चांगली ओळख आहे का तुमची?
म्हटलं, आहे थोडीफार.

१४ जून
सौ. रविवारी कन्येला फोन करते. आज मी मध्येच मागून घेतला. आधी हवापाणी, तब्येत. ती ‘बरं आहे’ म्हणाली. मग हळूच विषयाला हात घातला. म्हटलं, अगं, करार वाचला तेव्हा त्या सतराव्या कलमाचा अर्थ मी जरा वेगळा…
सौ. म्हणाली, अहो, तुम्ही वाचला नव्हतात. मला माहीत आहे.
म्हटलं, मग सही कशाला केलीस?
म्हणाली, वाचला असतात तरी केलीच असती. घरात पगार आणणारं दुसरं कोण होतं?
मी विचारलं, मग वाचायला दिलास तरी कशाला?
तुम्हाला बरं वाटेल म्हणून, ती म्हणाली. चिडून नाही. पेशंटशी बोलतात तसं.
मागून त्या म्हातारीची हाक आली. सौ.ने तिकडच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं, चांगलं सराईतपणे. मग फोन ठेवला.
परवानगीचं राहूनच गेलं.