फोटोत नसलेल्या बाईचं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, व्यवसाय आजवर घरकाम आणि अलीकडे ‘समकालीन कलावंत’ (हा शब्द माझा नव्हे, प्रदर्शनवाल्या बाईंचा), उद्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्याआधी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकणारे दोघे, म्हणजे चिरंजीव आणि थोरल्या जाऊबाई, पलीकडच्या खोलीत चहा पीत बसले आहेत आणि दार मी आतून लावलं आहे.

१. राहतं घर व खालचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ माझ्या नावावर आहे, कारण खरेदीच्या दिवशी आमच्या ह्यांना एका लग्नाच्या फोटोंची ऑर्डर होती आणि सही करायला मी रिकामी होते. घर व स्टुडिओ दोन्ही माझ्यामागे लेकीला मिळावं. ह्यांना तिथे तहहयात राहण्याचा हक्क राहील. चिरंजीवांनी मध्यंतरी एका दलालाला घर दाखवून ठेवलं, त्या तत्परतेबद्दल आभार. आता दाखवण्यावरच त्यांनी समाधान मानावं.

२. माझी खरी मिळकत म्हणजे छापील फोटोंवर हाताने भरतकाम केलेली चित्रं. ती कशी झाली हे वारसांपैकी कोणी विचारलं नाही. इथे तरी वाचावं लागेल.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचं ठरलं. काढणारे अर्थात आमचे हे. लाइटचा स्टँड मोडलेला, म्हणून लाइट मी धरला. फोटो निघाल्यावर मी म्हटलं, "मी राहिलेच की."

जाऊबाई म्हणाल्या, "तुझं काय एवढं, तू तर घरचीच."

त्या फोटोत जाऊबाईंच्या माहेरचे शेजारीसुद्धा आहेत.

फोटो बैठकीत लागला. त्यावरची धूळ अर्थातच घरचीच बाई पुसत राहिली. पुढे मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला. पाय मोडून मी घरी बसले असताना एका दुपारी तो फोटो फ्रेममधून काढला, टोचणीने कागदाला भोकं पाडली आणि जाऊबाईंच्या शेजारी लाल रेशमाने स्वतःला भरलं. चांगली ऐसपैस.

जाऊबाईंनी पाहिलं. "फोटोचं वाटोळं केलंस. आत्ताच्या आत्ता उसव."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कधी मधे पडत नाहीत, तेव्हाही पडले नाहीत. संध्याकाळी मात्र खाली जाऊन जुन्या निगेटिव्ह शोधल्या आणि जाड कागदावर प्रती काढून आणल्या. म्हणाले, "तो कागद पातळ आहे. टाके जवळजवळ घातलेस तर फाटेल. ह्यावर कर."

त्यानंतर मी कुटुंबाच्या सगळ्या लग्नांत, वाढदिवसांत आणि सहलींत हजर झाले.

३. वरील मूळ फोटो जाऊबाईंना द्यावा. मला उसवायची त्यांची इच्छा अजून शिल्लक असेल तर खुशाल उसवावं. भोकं राहतील, आणि भोकांची आकृती माझीच असेल.

४. चिरंजीव या कामाला ‘आईचा टाइमपास’ म्हणत. मग प्रदर्शन झालं आणि माहितीपत्रकात ‘स्त्रीच्या अनुपस्थितीचा रेशमी निषेध’ असं छापून आलं. (मी अनुपस्थित नव्हते, लाइट धरून उभी होते. हात भरून आले होते.) त्या दिवसापासून चिरंजीव माझे व्यवस्थापक झाले. भरतकामाचेच फोटो काढून, छापून विकायचा त्यांचा बेत आहे. म्हणजे टाके दिसतील, पण हाताला लागणार नाहीत.

सबब बाकीची सगळी मूळ चित्रं लेकीला मिळावीत. तिने एकटीनेच चित्र उलटं करून मागच्या गाठी पाहिल्या आणि "इथे चिडली होतीस का?" असं विचारलं. चिरंजीवांना छापील प्रती मिळाव्यात, गुळगुळीत, हव्या तेवढ्या.

५. सुया, रेशीम आणि टोचणी आमच्या ह्यांना. हल्ली मला दिसत नाही म्हणून सुईत दोरा हेच ओवून देतात. परवा ओवता ओवता म्हणाले, "एक सांगू? मीपण नाही कुठल्याच फोटोत."

खरंच नव्हते. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू रागात छान भरत होतीस."

पंचाहत्तरीच्या त्याच फोटोच्या नव्या प्रतीवर मी माझ्या शेजारी ह्यांना भरायला घेतलं आहे. बूट झाले, पँट झाली, कॅमेऱ्याशिवाय कुठे ठेवावे ते न कळणारे हात झाले. चेहरा राहिला आहे. मी दवाखान्यातून परत आले तर मीच भरेन. न आले तर लेकीने त्याला हात लावू नये, प्रदर्शनवाल्या बाईंनी तर नाहीच. तो ह्यांनी स्वतः भरावा. नाक वाकडं आलं तरी उसवू नये.

ह्यांना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला होता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून हे नुसते माझ्या शेजारी बसले आहेत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: समोरच्या डॉक्टरीणबाई, माझी शुद्ध तपासून (सही)
साक्षीदार २: नाक्यावरचा फ्रेमवाला, काही न तपासता (सही)

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, उजेड असेतो